डोंगरावर लावलेला क्लास

वडवणी
६ सप्टेंबर २०२५

चि. शिवांजली,

काकाचे आशीर्वाद. काकूचेही घे. ती शेजारी ज्वारी निवडत बसली आहे आणि दर ओळीला "काय लिवलं?" म्हणून विचारते आहे.

पत्र ईमेलने पाठवतो आहे. आमचा महांतेश म्हणतो, आप्पा, व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका की. दोन ओळींत मावणारं असतं तर मी तुझा वेळ कशाला खाल्ला असता? तेव्हा तूही मला तो पिवळा अंगठा पाठवून वाटेला लावू नकोस. सविस्तर लिही.

विचारायचं आहे ते एवढंच की, कॉम्प्युटर राहणार की जाणार?

हसू नकोस. पुण्यात बसून पोरांना मोबाइलवर शिकवायची ॲपं तुम्ही करता, मग मी दुसऱ्या कुणाला विचारू? आपला टायपिंगचा क्लास तुला नवा नाही. कीबोर्डला पहिला हात तू इथेच लावलास, आणि कॅरमची सोंगटी मारावी तशी एका बोटाने बटणं उडवायचीस. बसस्टँडसमोरचा तोच गाळा, त्याच डझनभर मशिनी. टाइपरायटर गेले तेही मी पाहिलं. तेव्हा काही वाटलं नाही, कारण त्यांच्या जागी काय येणार ते दिसत होतं. या वेळी मला दिसत नाही.

महांतेशला गाळा हवा आहे, मोबाइलचं दुकान टाकायला. त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही. क्लासला येणारी पोरं कमी झालीत आणि जी येतात ती मशीन सुरू होईपर्यंत खिशातला फोन बघतात. सुरू झाल्यावरही बघतात. "आप्पा, दुनिया खिशात आलीय अन् तुमी अजून टेबलावर हुडकायलाय," असं तो परवा म्हणाला. मी नाक मुरडलं, पण रात्रभर तेच डोक्यात होतं.

माझा पाय अडतो तो बबितापाशी. धुळाजीची मुलगी. डोंगराच्या अंगाला त्यांची वस्ती आहे, मेंढरं आहेत. बारावी झालेली ही पोर रोज जीपने क्लासला येते. जानेवारीत शासनाच्या टंकलेखन परीक्षेला बसणार, 'मराठी तीस'ला, मिनिटाला तीस शब्दांच्या. ते सर्टिफिकेट असेल तरच लिपिकाच्या जागेला अर्ज करता येतो. पाव्हणे तिला बघायला यायचं म्हणून धुळाजीच्या मागे लागलेत. तो मला म्हणाला, "परीक्षा होऊस्तोवर मी कुनाला घरात घेत न्हाई मास्तर. पास झाली तर ती नोकरीच्या मागं. न्हाई झाली तर मंग माझ्या हातात काय ऱ्हायलं?" तेव्हा तिच्या हातात ही एकच परीक्षा आहे. मी गाशा गुंडाळला तर ती बसणार कुठे?

दसऱ्याच्या आत महांतेशला हो की नाही सांगायचं आहे. माझं मन राखायला काही लिहू नकोस. खरं असेल ते लिही.

तुझा,
वैजिनाथकाका


पुणे
१४ सप्टेंबर २०२५

ती. काका,

शरणार्थ. काकूलाही सांगा.

तुम्ही खरं लिही म्हणालात, म्हणून लिहिते. जाणार. एका रात्रीत नाही, पण जाणार. आमच्या ऑफिसात नवीन लागलेल्या मुलांना टेबलावरची मशीन देणं बंद झालंय. एक पातळ पाटी देतात, तिच्या पोटात काहीच नसतं, सगळं इंटरनेटवर कुठेतरी. घरात तर विचारूच नका. माझ्या घरमालकिणीचा टीव्ही, घड्याळ, दाराचं कुलूप, सगळं एकमेकांशी बोलतं. तीच एकटी कुणाशी बोलत नाही.

हे पत्र मी टाइपसुद्धा केलेलं नाही. बसमध्ये उभी राहून फोनला सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. रागावू नका. तुमच्याच हाताखाली शिकले, पण बोटांना आता ते काम उरलेलं नाही.

बबिताचं मात्र अवघड नाही. क्लास बंद करू नका, तो फोनमध्ये हलवा. तुमच्या आवाजात एकेक धडा करा, महांतेशदादा चित्रीकरण करेल. मी ते आमच्या ॲपवर चढवते. पोरं घरबसल्या धडा लावतील. तुमचे जुने कीबोर्ड त्यांना देऊन टाका, एक छोटी पिन लावली की ते फोनला जोडता येतात. कुणी किती धडे पूर्ण केले ते मला इथे दिसेल, आणि धडा संपला की शाबासकीचा निरोपही त्यांना जाईल. बबिताचं जीपला लटकून येणं-जाणं वाचेल. तोच वेळ ती सरावाला देईल.

काका, तुम्हाला वाटतंय क्लास म्हणजे तो गाळा. माझ्या दृष्टीने क्लास म्हणजे तुम्ही. तुम्ही फोनमध्ये मावता.

तुमची,
शिवांजली


वडवणी
३ ऑक्टोबर २०२५

चि. शिवांजली,

घे, मावलो एकदाचा फोनमध्ये.

खंडेनवमीला पूजा झाली. दरवर्षी सगळ्या मशिनी पुसून, विभूतीची बोटं ओढून, झेंडूची फुलं वाहून मी एक दिवस त्यांना हात लावत नाही. यंदा चौरंगाच्या एका बाजूला माझे कीबोर्ड आणि दुसऱ्या बाजूला महांतेशच्या नव्या फोनचे डबे. काकूने दोन्हीकडे सारखीच हळदकुंकवाची बोटं लावली. आज मशिनी बीडच्या एका व्यापाऱ्याने टेम्पोत घालून नेल्या. पूजा केलेली वस्तू लगेच घराबाहेर काढली म्हणून काकू माझ्याशी बोलत नाही. तिच्या समाधानासाठी एक मशीन घरी आणून ठेवलीय. तिच्यावरच हे लिहितो आहे. बाकी ती शोभेला.

धडे झाले. कॅमेऱ्यासमोर मी पहिल्यांदा ताठ बसलो, मग महांतेश म्हणाला, आप्पा, फोटो काढत नाही, बोला. मग बोललो. शेवटी तर इतका रंगलो की तोच म्हणाला, आता बास.

पोरांना कीबोर्ड वाटले. बबिताला मी मुद्दाम सगळ्यात जुना दिला, अक्षरं पार पुसलेला. म्हटलं, बघायला काही नाही, म्हणजे न बघता शिकशील. तिने ओढणीच्या टोकाने तो पुसला, पिशवीत घातला आणि विचारलं, "मग सर, सोमवारपासनं यायचं न्हाई?" म्हटलं, अगं, कशाला? क्लासच तुझ्या घरी येतोय. ती हसली. धुळाजीकडे चांगला फोन आहे हे मी आधीच विचारून घेतलं होतं.

मी मजेत आहे. सकाळी मोकळा वेळ मिळतो. महांतेशच्या दुकानात जाऊन बसतो, गिऱ्हाइकाला फोनची कव्हरं दाखवतो. तुझं बरोबर होतं ग. उगीच जीव टांगणीला लावून बसलो होतो.

वैजिनाथकाका


पुणे
२ नोव्हेंबर २०२५

ती. काका,

बातमी गोड आहे, म्हणून आधी तीच. तुमच्या सगळ्या पोरांत पहिली कोण असेल? बबिता!

बाकीच्यांची गंमत आहे. कुणी चार दिवस गायब, कुणी धडा अर्ध्यात सोडतं, दिवाळीत तर सगळा आनंदच होता. बबिताचा मात्र एक दिवस चुकलेला नाही. रोज दुपारी धडा लावते, शेवटपर्यंत. लक्ष्मीपूजनालासुद्धा लावला! तिच्या नावापुढचा रकाना सगळा हिरवा आहे. मी ऑफिसात चारचौघांना तो दाखवला आणि सांगितलं, ही बीड जिल्ह्यातल्या मेंढपाळाची मुलगी, आणि हे आमचे काका. सगळे खूश झाले.

आता सांगा, ती जीपने आली असती तर दिवाळीत क्लास झाला असता का?

अजून थोडे धडे करा. तिला पुरत नसतील.

तुमची,
शिवांजली

ता.क. : फोनची कव्हरं विकताना तुम्ही कसे दिसत असाल ते डोळ्यांसमोर आणलं आणि ऑफिसात एकटीच हसले.


वडवणी
२४ नोव्हेंबर २०२५

चि. शिवांजली,

हे पत्र बसून वाच. बसमध्ये उभी असशील तर घरी गेल्यावर वाच.

बाजारच्या दिवशी मेथीची जुडी घेऊन वळलो तर समोर धुळाजी. कोकरू विकायला आला होता. मला बघून असा उजळला की विचारू नकोस.

"मास्तर, तुमचा आवाज रोज ऐकतो की!"

मी म्हटलं, "म्हणजे बबिता लावते तेव्हा तुम्हीपण बसता वाटतं शेजारी."

"ती कुठली लावती? मीच लावतो. फोन माझ्यापाशी ऱ्हातो ना डोंगरावर. दुपारी मेंढरं बसली की लिंबाखाली फोन खडकाला टेकवतो अन् लावतो तुमचा किलास. एक दिस खाडा न्हाई. दिवाळीलाबी न्हाई!"

मला काही समजेना. मी विचारलं, "मग बबिता?"

"ती घरी बटनं हानती. वस्तीवर रेंज न्हाई मास्तर, ते ॲप उघडतच न्हाई. डोंगरावर फुल रेंज. म्हनून म्हणलं, तू घरचं काम कर, किलासचं मी बघतो. धडा सरला की शाब्बास बबिता म्हनून येतंय, हिरवी खून येती. ती संध्याकाळी तिला दाखवतो. लई बरं वाटतंय बगा."

एवढं बोलून त्याने बाजाराच्या मधोमध, कोकराचं दावं काखेत धरून, माझा दुसरा धडा मला म्हणून दाखवला. "उजव्या हाताचं पैलं बोट र, मधलं बोट काना, तिसरं स, करंगळी य. मनगट टेकवू नका. मान खाली घालू नका." माझ्याच लकबीत, माझ्यासारखाच खोकून. लोक थांबून बघायला लागले. तो हसत होता. मला हसावं की रडावं कळेना.

शिवांजली, त्या माणसाला वाटतं की धडा लागला की क्लास झाला. आपण दिवा लावतो, नैवेद्य दाखवतो, तसं. पोरीचा दिवस चुकू नये म्हणून तो रोज मेंढरांना माझं टायपिंग ऐकवतो. आणि तुझा तो रकाना हिरवा होतो.

"उद्या बबिताला घेऊन या, जरा परीक्षा घेतो" एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती आली, बरोबर आई साखराबाई. घरी ठेवलेल्या मशीनपुढे बसवलं. वाटलं, बोटं जड झाली असतील. तर पोरीचे हात असे पळायला लागले की काकू स्वयंपाकघरातून बघायला आली. मान वर, मनगट वर, कुठे अडखळणं नाही. माझी छाती फुगली. मग मी पडद्याकडे पाहिलं.

उजव्या हाताचं प्रत्येक अक्षर चुकलेलं होतं. प्रत्येक. तिचा हात एक बटण सरकून बसला होता. र च्या जागी काना, काना हवा तिथे स. "सर" लिहिलं तर उमटलं "या". र च्या बटणावर बोटाला कळावा म्हणून बारीक उंचवटा असतो, मी तिला दिलेल्या कीबोर्डवर तो झिजून गेलेला होता. आणि दोन महिने ती पिठाच्या डब्यावर तो कीबोर्ड ठेवून, कशालाही न जोडता, तोंडाने अक्षरं म्हणत बडवत होती. समोर पडदाच नाही, तर चूक दाखवणार कोण? जितकी मेहनत केली तितकी चूक पक्की झाली.

ती पडद्याकडे बघत राहिली. रडली नाही. साखराबाईने मला विचारलं, "मास्तर, किलास कावून बंद केला वो? मोबाइलात किलास हाय म्हणल्यावर पोरीला जीपला बसवू कशापायी? सासू बोलती, चुलता बोलतो. आदी म्हनायला तरी व्हतं, किलासला गेली."

मला तुझा राग आला आहे. माझा त्याहून जास्त आला आहे. धुळाजीकडे फोन आहे का, हे मी विचारलं. तो दिवसभर कुणाच्या खिशात असतो, हे विचारायची बुद्धी झाली नाही. एवढं वय घातलं या गावात!

तुम्ही त्याला पर्सनल कॉम्प्युटर म्हणता. अगं, आमच्याकडे तो कधी पर्सनल नव्हताच. एका मशीनवर सकाळी सोनाराचा मुलगा, दुपारी बबिता, संध्याकाळी ग्रामपंचायतीचा शिपाई. कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता. खरा पर्सनल आहे तो हा फोन. ज्याच्या खिशात त्याचा. घरातली बाकीची माणसं त्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

परीक्षेला थोडे आठवडे उरलेत. आता तू सांग, काय करायचं?

वैजिनाथकाका


पुणे
२६ नोव्हेंबर २०२५, दुपारी

काका,

वाचलं. बबिताला मी आजच नवीन फोन पाठवते. तिच्या एकटीच्या नावाचा. महांतेशदादाला सांगते, सिम घालून देईल. रेंजचं काय करता येईल तेही बघते. धडे फोनमध्येच साठवून ठेवता येतील असं करून घेते. प्रश्न सुटण्यासारखा आहे, तुम्ही खचू नका.

शिवांजली


पुणे
२६ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी

ती. काका,

दुपारचं पत्र वाचलंच नाही असं समजा.

ते पाठवलं आणि जेवायला बसले, आणि ताट तसंच ठेवून तुमचं पत्र पुन्हा वाचलं. तुम्ही मला एका मुलीबद्दल लिहिलंत आणि मी तुम्हाला फोन पाठवते म्हणून कळवलं. नवीन फोन वस्तीवर गेला तर तो उद्या चुलत्याच्या हातात असेल, हे मला पुण्यात बसूनही समजायला हवं होतं. आणि तो तिच्याच हातात राहिला तरी "किलासला गेली" हे म्हणता येणार नाहीच.

काका, मला एक आठवलं. बारावीनंतरच्या सुट्टीत मी तुमच्याकडे रोज येत होते ते टायपिंगसाठी नव्हे. मला टायपिंगचा कंटाळाच होता. घरात सतत माणसं असायची, आणि तुमच्या क्लासात एका खुर्चीवर तासभर मला कुणी हाक मारायचं नाही. पुण्याला शिकायला जायचं मी तिथेच ठरवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि तुम्हाला सल्ला देताना माझ्याही ध्यानात आलं नाही.

ऑफिसात आज त्याच चारचौघांना सांगितलं की तो हिरवा रकाना धुळाजीचा आहे, बबिताचा नाही. एकजण म्हणाला, "पण धडे तर पूर्ण झालेत ना?" मला त्याचा राग आला नाही. दोन महिने मीही हेच म्हणत होते.

हे पत्र मी टाइप केलंय. लई चुका झाल्या, खोडत खोडत लिहिलंय. बबिताला तुमच्या घरच्या मशीनवर बसवा. दुसरा उपाय मला सुचत नाही.

तुमची,
शिवांजली


वडवणी
७ डिसेंबर २०२५

चि. शिवांजली,

तुझं संध्याकाळचं पत्र मी काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला म्हाईत व्हतं, ती पोरगी नुसती खिडकीतून बगत बसायची." मग मलाच म्हणाली, तुमचं लक्ष कुठं असायचं? तेव्हा तूही ऐकून घे, आपण दोघेही एकाच माळेतले.

बबिता रोज येते. मी धुळाजीला सांगितलं की परीक्षेच्या आधी मास्तरसमोर बसावंच लागतं, तसा रिवाज आहे. असा काही रिवाज नाही. पण त्याने मान डोलावली आणि स्वतः रस्त्यापर्यंत तिला सोडायला लागला. चुलताही गप्प झाला, कारण आता ती किलासला जाते.

शिकवणं अवघड चाललंय. न शिकलेल्याला शिकवता येतं. हिला आधी शिकलेलं विसरावं लागतंय. सावकाश टाइप केलं की अक्षर बरोबर पडतं, वेग घेतला की हात पुन्हा एक घर सरकतो. मी शेजारी बसून "हात, हात" म्हणत राहतो. परवा ती चिडून म्हणाली, "सर, माझी बोटं माझं ऐकत न्हाईत." मी म्हटलं, माझीही मुलं ऐकत नाहीत, म्हणून मी सोडली का? तेव्हा हसली.

धुळाजीला खरं अजून सांगितलेलं नाही. तो अजूनही दुपारी धडा लावतो. परवा मला म्हणाला, "आता दुहेरी किलास चाललाय मास्तर, तिकडं तुमी, हिकडं मी." तू म्हणशील, सांगून टाका. तू समोर असतीस तर तुलाही जमलं नसतं.

आणि तुझं पहिलं म्हणणं मी खोडत नाही. कॉम्प्युटर जाईल. टाइपरायटर गेला, हाही जाईल, उद्या ती तुमची पातळ पाटीही जाईल. त्याचं मला सुतक नाही. पण प्रत्येक वेळी नवीन वस्तू आली की आधी ती घरात घुसते आणि म्हणते, आता बाहेर पडायची गरज नाही. ज्याला बाहेर पडायला बंदी नाही त्याला ती सोय वाटते. बबिताला ती सोय नव्हती. एवढं कळायला मला सगळा क्लास विकावा लागला.

महांतेशने काल एक कोपरा मोकळा करून दिला. म्हणाला, "आप्पा, तसंबी तुमी गिऱ्हाइकाला कव्हर दाखवता अन् फोन घेऊ नको म्हनून सांगता. त्यापेक्षा तुमचा किलास बरा." त्या बीडच्या व्यापाऱ्याकडून दोन मशिनी परत आणल्या. पाटी मात्र त्याचीच आहे, 'महांतेश मोबाइल'. आत टायपिंगचा क्लास चालतो हे ज्याला पाहिजे त्याला ठाऊक आहे.

जमेल असं वाटत नाही. पण ती येते आहे.

वैजिनाथकाका


वडवणी
२१ फेब्रुवारी २०२६

शिवांजलीताई,

स.न.वि.वि. मी बबिता. सरांनी तुमचा ईमेल दिला आणि म्हणाले, निकाल तूच कळव, मला लिहवत नाही. हे पत्र मी स्वतः टाइप केलं आहे. सर मागे उभे आहेत पण वाचत नाहीत, मी त्यांना तसं सांगितलं आहे.

मी नापास झाले. परीक्षा बीडला होती. सुरुवातीला हात बरोबर बसला होता. नंतर शेजारच्यांची बटणं जोरात वाजायला लागली, मला घाई झाली, आणि उजवा हात सरकला. ते मला लगेच समजलं, पण पुन्हा जागेवर आणेपर्यंत वेळ गेला.

सर म्हणतात चूक त्यांची आहे. तुम्ही त्यांना लिहिलंत की चूक तुमची आहे. म्हणून मी लिहिते. ताई, हा क्लास नव्हे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आबा संध्याकाळी डोंगरावरून आले की काठी ठेवायच्या आधी फोन काढायचे. "आज बी लावला बरं का तुजा किलास," म्हणून हिरवी खूण दाखवायचे. दिवसभर मेंढरांमागं फिरून त्यांचे डोळे लाल झालेले असायचे, पण तेवढ्यापुरता चेहरा लई खुलायचा. मला त्यांना कसं सांगू कळलं नाही. आणि सांगून मी जाणार कुठे होते? क्लास तर सरांनीच बंद केला होता. मग मी कीबोर्ड बडवत राहिले. वाटलं, जेवढं होईल तेवढं.

निकाल लागला त्या दिवशी चुलते आले होते. पाव्हण्यांना होळीनंतर बोलवा म्हणून आबांना सांगत होते. मी निकाल सांगितला. माय आत निघून गेली. चुलते गेल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "बबे, माझ्याकडनं एखादा धडा लावायचा ऱ्हायला का?"

मी म्हणलं, "न्हाई आबा. तुमचे सगळे झाले. माझेच ऱ्हायलेत."

मग म्हणले, "आसं व्हय. मंग पुन्यांदा बस परीक्षेला. अन् सोमवारी जीपला जा. पाव्हणे आले तर सांगतो मी, पोरगी किलासला गेली."

आपली,
बबिता धुळाजी